मालवण-तारकर्लीत चार दिवस: भरती-ओहोटीवरून दिवस कसे आखावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून चार दिवसांसाठी मालवण-तारकर्लीला यायचे आहे. सोबत अडुसष्ट वर्षांच्या आई आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ वर्षांची, आणि पोहता फक्त तुम्हाला येते. स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना बोट, डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंड असे सगळे एका सकाळीत, एकाच रकमेत करून देणारे पॅकेज तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. ते घ्यावे का, सुरक्षित आहे का आणि राहावे कुठे, हे तुम्ही विचारले आहे. गेली एकोणीस वर्षे मी याच पाण्यात लोकांना घेऊन जातो. हंगामात आठवड्याला एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो, म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहितो.

ते पॅकेज घेऊ नका. त्यातली प्रत्येक गोष्ट वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण या सहा गोष्टींना समुद्राची सहा वेगवेगळी रूपे लागतात आणि ती एका सकाळीत मिळत नाहीत. स्कूबाला भरलेले, स्थिर पाणी हवे. त्सुनामी आयलंड म्हणजे कर्लीच्या खाडीतला वाळूचा दांडा, तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. पॅरासेलिंगला बेताचा, एकसारखा वारा लागतो, तर डॉल्फिन दिसायला वारा जवळजवळ नसावा लागतो. हे सगळे तीन तासांत कोंबले की प्रत्येक गोष्ट चुकीच्या वेळी होते, आणि घाई झाली की सुरक्षिततेचे नियम सर्वांत आधी गुंडाळून ठेवले जातात. त्यामुळे आधी तुमच्या तारखांना भरती केव्हा आहे ते पाहा आणि त्यानंतर कोणत्या दिवशी काय करायचे ते ठरवा.

भरतीची वेळ काढायला कोकणात जुना हिशेब आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि भरती-ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते, म्हणून एक वेळ कळली की बाकीच्या तीन आपोआप कळतात. दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, शिवाय दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे निघण्यापूर्वी छापील किंवा मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्याशी ताळा जरूर घ्या. तरी घरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून तारखा निवडायला तो पुरेसा आहे.

तिथीवरून आणखी एक गोष्ट कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. आमच्याकडे हा फरक दोन मीटरच्या घरात जातो. एवढे पाणी आत-बाहेर करताना तळाची वाळू आणि खाडीचा गाळ ढवळून निघतो आणि पाण्याखाली हाताच्या अंतरावरचेही धूसर दिसते. याउलट अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी असते. म्हणून कोणी मला स्कूबासाठी दिवस विचारला तर मी दशमी-एकादशी सांगतो. भांगही असतो आणि पूर्ण भरती नेमकी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. या दिवसांत खडकांजवळ सहा-सात मीटरपर्यंत स्वच्छ दिसलेले मी पाहिले आहे. चारच दिवसांनी त्याच जागी स्वतःची बोटे दिसत नव्हती, आणि माणसे मात्र दोन्ही दिवशी सारखेच पैसे मोजून आली होती.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात रात्री जमीन निवते आणि पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्याजवळचे पाणी त्या वेळी तेलासारखे सपाट असते. दहा-अकरानंतर जमीन तापते, वारा फिरतो आणि वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी दोनपर्यंत समुद्रावर पांढरे तुरे दिसू लागतात आणि छोटी होडी चांगलीच आपटते. ज्यांना बोट लागते त्यांना या वेळी हमखास लागते. तेव्हा समुद्रातले जे काही असेल ते सकाळी नऊच्या आत सुरू करा आणि दुपारनंतर खाडीत किंवा किनाऱ्यावर राहा. एवढे पाळले तरी सहलीतला निम्मा त्रास टळतो.

तारखांबद्दल माझा आग्रह आहे. नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा शक्य असेल तर टाळा. त्या दिवसांत खडकाजवळ बोटींची रांग लागते, एका प्रशिक्षकाच्या वाट्याला एकामागून एक माणसे येतात आणि पाण्याखालचा वेळ आपोआप कमी होतो. शाळेच्या सुट्टीमुळे ते अवघड असेल तर निदान सोमवार ते गुरुवार निवडा. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा आणि फेब्रुवारी हे सर्वांत चांगले दिवस. मे महिन्यात मात्र लहान मुले आणि वयस्कर माणसे घेऊन समुद्रात जाण्याच्या मी विरोधात आहे. 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते. पण समुद्र तारीख पाहून खवळत नाही, त्याआधीच आठ-दहा दिवस त्याचे लक्षण बदलते. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तेव्हा बंदीला दोनच दिवस उरले होते.

राहण्याची जागा आईंचा विचार करून ठरवा. देवबाग फार सुंदर आहे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेली ती माडांची चिंचोळी पट्टी आहे आणि काही घरांत तर पुढच्या दाराने समुद्र व मागच्या दाराने नदी दिसते. पण रस्ता एकच आणि अरुंद आहे, गर्दीच्या दिवसांत मालवण गाठायला तासही लागतो. मालवण गाव आणि तारकर्ली यांच्या दरम्यान, वायरीच्या भागात घरगुती निवास घेतलात तर दवाखाना, औषधांचे दुकान आणि ग्रामीण रुग्णालय जवळ राहते आणि दोन्हीकडे जाणे सोपे होते. घरगुती निवासात जेवण सांगून ठेवावे लागते. सकाळी पाण्यात जायचे असेल तर आदल्या रात्रीच यजमानांना सांगा की नाश्त्याला दोन घावणे आणि चहा एवढेच हवे, वडे-सागोती दुपारी. भरल्या पोटी बोटीत बसलेल्या माणसाचे हाल मी रोज पाहतो.

आता स्कूबा. पोहता न येणारा माणूस प्रशिक्षकाबरोबर तीन ते सहा मीटर खोलीवर जाऊ शकतो, मात्र त्याला तीन गोष्टी आधी नीट समजल्या पाहिजेत. पहिली कानांची. दहा मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे पाच मीटरवर तो दीडपट असतो, आणि कानांना हा बदल पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच जाणवतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकीच फुंकर मारायची, म्हणजे कान मोकळे होतात. हे कान दुखायच्या आधी आणि दर हातभर उतरल्यावर करायचे असते. दुखू लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते. तिथे थांबून थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दुसरी गोष्ट श्वासाची. काहीही झाले तरी श्वास रोखून धरायचा नाही. पाच मीटरवर छातीत भरलेली हवा वर येताना दीडपट फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. तिसरी गोष्ट खुणांची. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’ असा होतो. रंगीत मासे पाहून आनंदाने अंगठा दाखवलेले आणि त्यामुळे दोन मिनिटांत वर आणले गेलेले कितीतरी पाहुणे मला आठवतात. ‘सगळे ठीक आहे’ हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

हे तिन्ही धडे किनाऱ्यावर किंवा कमरेएवढ्या पाण्यात किमान पंधरा-वीस मिनिटे दिले गेले पाहिजेत. बोटीवर, सिलिंडर पाठीवर चढवता चढवता दोन वाक्यांत जे उरकतात त्यांच्याबरोबर जाऊ नका. ठरवण्याआधी विचारा: पाण्याखाली एका प्रशिक्षकाजवळ किती माणसे असतील? नवख्यासाठी उत्तर ‘एक’ हेच हवे. प्रशिक्षकाकडे कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे, बोटीवर प्राणवायूचा संच आहे का, बोटीची महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंद आहे का आणि प्रवाशांची मर्यादा किती आहे, हेही विचारा. चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही, उलट तुम्ही विचारले म्हणून त्याला बरे वाटते. मुलाला पाण्याची भीती वाटत असेल तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या खोल तलावात आधी सराव करता आला तर समुद्रात त्याची छाती दडपत नाही.

प्रकृतीची माहिती लपवू नका. दमा, हृदयविकार, फिट येण्याचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, यांपैकी काहीही असेल तर स्कूबा करायचे नाही. साधी सर्दीसुद्धा चालत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणाने सर्दी आहे हे सांगितले नाही आणि मीही त्याच्या आवाजावरून ओळखायला हवे होते ते ओळखले नाही. चार मीटरवर त्याने कान धरला. वर आलो तेव्हा त्याच्या मास्कमध्ये नाकातून रक्त आले होते आणि पुढे कितीतरी आठवडे त्याला त्या कानाने कमी ऐकू येत होते. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी मोठ्याने पाच वाक्ये बोलायला लावतो. नाक चोंदलेले असेल तर पैसे परत करतो. तुमच्या आईंना स्कूबा नकोच. तेरा वर्षांच्या मुलाला चालेल, पण त्याची स्वतःची इच्छा असेल तरच. ‘एवढे पैसे भरलेत, आता उतर’ असे त्याला कोणीही म्हणू नये.

आठ वर्षांच्या मुलीसाठी स्नॉर्केलिंग पुरे आहे आणि तेच तिला जास्त आवडेल. पृष्ठभागावर तरंगत, नळीतून श्वास घेत, खाली पाहायचे. लाइफ जॅकेट मात्र तिच्या मापाचे हवे. ते अंगात घालून पट्टे आवळल्यावर खांद्याशी धरून वर ओढून पाहा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते तिच्यासाठी मोठे आहे आणि पाण्यात ती त्यातून खाली निसटेल. दोन पायांमधून घेण्याचा पट्टा असलेले जॅकेट मुलांसाठी सर्वांत चांगले. बोटीवर मोठ्यांचेच जॅकेट असेल तर मुलीला खाली उतरवू नका.

या पाण्याबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र 1987 पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. इथल्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि प्रवाळ हा प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. तरी त्याच्यावर नांगर पडतात, फोटोसाठी माणसे त्यावर पाय देऊन उभी राहतात, आणि मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले जातात. पावाला सरावलेले मासे शेवाळ खाणे सोडतात, मग तेच शेवाळ प्रवाळावर चढते. ज्या खडकावर मी सुरुवातीला तळहाताएवढी जांभळट टोके पाहिली होती तिथे आज नुसता दगड आहे. तुम्ही एवढेच करा: पाव टाकू देऊ नका, कशालाही हात लावू नका आणि पाय टेकायचा झाला तर वाळूवरच टेका. गिऱ्हाईकाने सांगितले की बोटवाले ऐकतात, आमच्यापैकी एखाद्याने सांगितले तर नेहमीच ऐकतात असे नाही.

यंत्रावरच्या खेळांपैकी एकच निवडा. पॅरासेलिंग करायचे असेल तर दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या बोटीवरून, सकाळी, वारा वाढण्याआधी. अंगावरचा पट्टा आणि त्याच्या कड्या स्वतः पाहून घ्या. बनाना बोट शेवटी मुद्दाम उलटवली जाते, हे मुलांना आणि तुम्हाला आधी माहीत असू द्या. नको असेल तर ‘उलटवायची नाही’ असे चालवणाऱ्याला बजावून सांगा. जेट स्कीवर मुलीला बसवू नका.

किनाऱ्यावरच्या आंघोळीला लोक सर्वांत निर्धास्त असतात, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक माणसे तिथेच गेली आहेत. एप्रिल 2017 मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण बुडाले. ते बोटीत नव्हते, पाण्यात उतरले होते. किनाऱ्याकडे आलेले लाटांचे पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने जाते. वरून पाहणाऱ्याला तो पट्टाच सर्वांत शांत वाटतो, कारण तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी किंचित गढूळ आणि सपाट दिसते. आईवडील मुलांना नेमके तिथेच उतरवतात. असा प्रवाह ओढू लागला तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, कारण कितीही चांगला पोहणारा त्यात थकतो. तरंगत राहा, हात वर करून हाक द्या, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकून मग बाहेर या. प्रवाहाचा पट्टा सहसा फार रुंद नसतो. बुडणाऱ्यामागे उडी मारून घरातला दुसराही जातो. त्याऐवजी दोर, रिकामा कॅन, लाइफ जॅकेट, जे तरंगेल ते फेका.

पाण्यात उतरण्यापूर्वी तिथल्या एखाद्या मच्छीमाराला ‘इथे ओढ आहे का’ एवढे विचारा, तो खरे सांगेल. उतरती ओहोटी असताना कमरेपलीकडे जाऊ नका. देवबागच्या संगमावर तर पाण्यात उतरूच नका. तिथे ओहोटीला अख्खी कर्ली खाडी समुद्रात रिकामी होत असते आणि वाळूचा उतार एका पावलात गुडघ्यावरून गळ्यापर्यंत नेतो. त्सुनामी आयलंडवरही हेच लक्षात ठेवा. वाळूवर मुलांना मनसोक्त खेळू द्या, कडेला जाऊ देऊ नका, आणि भरती लागल्यावर होडीवाल्याने हाक मारली की लगेच निघा.

खाडीचा दिवस मात्र आईंसाठी राखून ठेवा. कर्ली खाडीत दुपारी चारनंतर, भरतीचे पाणी चढत असताना, वल्ह्यांच्या होडीतून कांदळवनात जाता येते. वारा आत फारसा लागत नाही, होडी हलत नाही. जमिनीतून बोटांसारखी वर आलेली मुळे दिसली की ती तिवराची किंवा चिपीची, ती हवेतून प्राणवायू घेतात. खोडापासून कमानीसारखी खाली उतरलेली मुळे दिसली की तो कांदळ. पांढरी चिपी 2020 पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे आणि तिची फुले रात्री उमलतात, म्हणून संध्याकाळी पाण्यावर पांढरे तंतू तरंगताना दिसले तर ते तिचेच. खंड्या, बगळे आणि ब्राह्मणी घार तर दिसतातच. मोठ्या मुलाला इथे कयाक चालवू द्या, खाडीच्या बंदिस्त पाण्यात वल्हे शिकणे सोपे जाते. वेंगुर्ल्याला जाणार असाल तर मांडवी खाडीत महिलांचा बचत गट अशीच कांदळवन सफर घडवतो. त्या बाया स्वतः वल्हवतात आणि प्रत्येक झाडाचे नाव सांगतात. मी माझ्या घरच्या माणसांना तिथे नेतो.

किल्ल्याला जाण्याची वेळसुद्धा भरतीवर ठरवा, आणि याचे कारण आईच आहेत. मालवणच्या धक्क्यावरून होडी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते, पण पूर्ण ओहोटीला होडी धक्क्याच्या खूप खाली असते आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरावे लागते. भरतीला तीच होडी जवळजवळ पायाच्या पातळीला येते. भरतीच्या तासभर आधी निघालात तर जाताना आणि परतताना दोन्ही वेळा पाणी अनुकूल मिळते. 25 नोव्हेंबर 1664 रोजी या किल्ल्याची पायाभरणी झाली. कुरटे बेटाच्या 48 एकरांवर, चारी बाजूंना समुद्र असताना, हे बांधकाम तीन वर्षांत उभे राहिले. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तो दोन बुरुजांच्या मिठीत लपवलेला आहे. आत महाराजांच्या हाताचा व पायाचा ठसा आणि राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे, शिवाय दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. खाऱ्या पाण्याच्या मधोमध त्यांचे पाणी गोडे आहे, हे मुलांना चाखून पाहू द्या. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत हा एक आहे. तटावर चढायचा हट्ट आईंसाठी धरू नका, मंदिराच्या पायरीवर सावली असते.

ओहोटी ज्या दिवशी सकाळी किंवा संध्याकाळी येईल त्या दिवशी मालवणच्या रॉक गार्डनच्या खालच्या खडकांत जा. पाणी उतरले की खळग्यांत डबकी उरतात आणि एकेका डबक्यात अख्खा समुद्र असतो: पाकळ्या मिटणारी समुद्रफुले, शंखात राहणारे खेकडे, बोटभर लांबीचे मासे. मुलीला एका डबक्यापाशी पाच मिनिटे न हलता बसायला सांगा. पहिल्या मिनिटात काहीच दिसत नाही, तिसऱ्या मिनिटाला दगड वाटलेली वस्तू चालू लागते. जुने बूट घालून जा, कारण खडकांवरच्या कालवांच्या कडा पाते असल्यासारखे पाय चिरतात. वाळूत चालताना पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूखाली दडलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) बाजूला होते. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. जेलीफिश लागली तर वाळूने चोळू नका, गोडे पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा.

एका पहाटे, साडेसहाच्या सुमारास, आईंना घेऊन किनाऱ्यावर चालायला जा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लागली असेल तर दोरखंडाच्या दोन रांगा दिसतील, एकेका रांगेत दहा-पंधरा माणसे, पाठ मागे टाकून, एका लयीत ओढणारी. जाळे जसजसे जवळ येते तसतसे पाणी चमकू लागते आणि शेवटच्या दहा हातांत पेडवे, तारली, बांगडे उड्या मारताना दिसतात. दोराला हात लावणाऱ्याला मूठभर मासळी देण्याची जुनी रीत आहे, तुम्हीही हात लावा. यांत्रिक बोटींच्या मोठ्या जाळ्यांमुळे किनाऱ्यापर्यंत मासळीच कमी येते आणि रापणी दरवर्षी कमी होत चालल्या आहेत, म्हणून ती दिसली तर दुसरा कार्यक्रम थोडा पुढे ढकला.

डॉल्फिनसाठी वेगळी फेरी घ्यायची असेल तर सकाळी सातला, आणि पाठलाग न करणारी होडी घ्या. इंजिन बंद करून थांबले की ते स्वतः जवळून जातात, मागे लागले की बुडी मारतात आणि बराच वेळ वर येत नाहीत. गर्दी नको वाटली तर एक दिवस कर्लीच्या पलीकडे भोगवे आणि निवतीला जा. निवतीच्या किल्ल्यावरून दिसणारा किनारा मला या जिल्ह्यात सर्वांत जास्त आवडतो. केवळ स्कूबासाठीच यायचे असते तर मी तुम्हाला मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी किंवा अंदमानचे स्वराज द्वीप सांगितले असते, तिथले पाणी आमच्यापेक्षा कितीतरी नितळ आहे. पण तुमच्या घरातल्या चार वेगवेगळ्या वयांना एकाच गावात पुरेल असे मला इथे जास्त दिसते.

स्कूबा दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा. त्या दिवशी समुद्र खवळलेला किंवा पाणी गढूळ निघाले तर तिसरा दिवस हाताशी राहतो. शिवाय पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच उंचावर जाऊ नये हा नियम आहे. विमानासाठी किमान बारा तासांचे अंतर सांगतात, म्हणजे चिपी किंवा मोपा विमानतळावरून उडणाऱ्यांनी तो दिवस मोकळा ठेवावा. पाच मीटरच्या उथळ डुबकीत धोका फार थोडा असला तरी गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट चढून जाणाऱ्यांनाही मी एक रात्र खाली काढायला सांगतो. तारखा पक्क्या झाल्या की त्या चार दिवसांच्या तिथी मला कळवा, मी सकाळ-संध्याकाळचा क्रम लावून देतो.